दाजींच्या पडवीतली लाकडं

माझे दाजी हिरामण सुतार यांच्यासारखा कारागीर पेण तालुक्यात शोधून सापडणार नाही, आणि त्यांच्यासारखा वैताग तर अख्ख्या जिल्ह्यात नाही. दोन्ही गोष्टी मी शपथेवर सांगू शकतो, कारण त्यांचं सामान वाहणारा टेम्पो माझा आहे. बाकीच्या सुतारांची गाडी कामावर भरून जाते आणि रिकामी येते. दाजींचं उलटं. जाताना हत्यारांची एक पेटी, येताना पेटी आणि मागे लाकडं.

घराचं काम म्हटलं की थोडंफार लाकूड उरतंच. हातभर वासा, चौकटीचा एखादा तुकडा, चार रिपा, कडेला चिरलेली फळी. मालक म्हणतो, मिस्त्री, घेऊन जा नायतर जाळून टाका. दुसरा सुतार असता तर त्यावर चहा केला असता. आमचे दाजी ते लाकूड उचलतात, फुंकर मारून भुसा उडवतात, उजेडात धरून बघतात आणि विचारतात, "परवीण, गाडीत जागा हाय ना?" जागा नाही असं मी कितीदा तरी सांगून पाहिलं. मग ते लाकूड मांडीवर घेऊन पुढे बसतात आणि त्याचं टोक पेणपर्यंत माझ्या बरगडीत टोचत राहतं.

साठवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. आमची आई श्रीखंडाचे डबे साठवायची, पण त्यात ती डाळी भरायची. दाजी वापरत काहीच नाहीत. लांब लाकडाला करवत लावायची नाही, हा त्यांचा नियम. "लांब हाय तोवर त्याचा काय पण होतो," ते म्हणतात. "एकदा कापला की संपला." मग आखूड लाकूड तरी वापरावं? तर आखूड लाकूड आधीच आखूड आहे, अजून कशाला कापायचं? यावर वाद घालायला मी एकदा बसलो होतो. उठलो तेव्हा माझंच डोकं दुखत होतं.

मालूताईला, म्हणजे माझ्या बहिणीला, स्वयंपाकघरात डबे ठेवायला एक फळी हवी होती. एवढीच, भिंतीला मारायची फळी. दाजींनी अर्धा दिवस घालवून पडवीतली एक एक फळी काढून पाहिली. ही फार चांगली, ही सागाची, ही जोडीतली, हिची जोडीदार खाली आहे. शेवटी माझ्या टेम्पोतून वखारीत गेले आणि नवी फळी विकत आणली. ती लावल्यावर वीतभर तुकडा उरला. तो कुठे गेला हे सांगायला नकोच.

रामवाडीत त्यांचं घर आहे. मागे स्वयंपाकघर, मधे एक खोली, पुढे पडवी. पडवीला तिन्ही बाजूंनी भिंत, वर चांगले पत्रे, समोर दार. घरात ओल न येणारी ती एकच जागा, आणि ती जमिनीपासून पत्र्यापर्यंत लाकडांनी भरलेली. पाहुणे मागच्या दाराने येतात. एका वर्षी त्यात मांजर व्याली, ते पिल्लं मोठी होऊन बाहेर चालत आली तेव्हा कळलं.

मालूताई माझी थोरली बहीण. बाबा लवकर गेले, आम्ही धाकटे हाताशी येईपर्यंत तिचं लग्न राहून गेलं. आता हिला कोण करणार, असं लोक आमच्यासमोरच बोलायला लागले होते. तेव्हा दाजी आमच्या घराचं छप्पर करायला आले. काम संपल्यावर उरलेले वासे घेऊन गेले आणि त्याच मार्गशीर्षात ताईला. यावर आमच्याकडे अजून थट्टा चालते. ताई त्या थट्टेला हसत नाही, पण उठूनही जात नाही.

ताई गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. पेणमध्ये मूर्तीला रंग कुणीही लावेल, आखणीला मात्र कुणालाही बसवत नाहीत. बुबुळाची रेघ केसभर सरकली की देव रागावलेला दिसतो, नाहीतर नुकताच झोपेतून उठलेला. ताईच्या हातचे गणपती समोरच्याकडे नीट बघतात. दिशा, त्यांची मुलगी, नर्सिंगला पनवेलला गेली ती याच डोळ्यांच्या जोरावर. पण सगळं दुसऱ्याच्या कारखान्यात, दुसऱ्याच्या नावावर. शेठ गिऱ्हाइकाला सांगायचा, "आमच्याकडची आखणी बघा," आणि ताई मागे बसून ब्रश धूत असायची.

यंदा वैशाखात त्याच शेठने तिला विचारलं. कच्च्या मूर्ती घरी देतो, रंग तुझा, आखणी तुझी, गिऱ्हाइकाला नाव पण तुझंच सांगेन. कोरडी बंद जागा हवी, पावसाच्या आत. जागा नसेल तर दुसरी एक बाई तयार आहे.

ताईने घरी येऊन दाजींना सांगितलं, "पडवी मोकळी करून द्या. यंदा माझा हंगाम हाय."

"देतो," दाजी म्हणाले. हे मात्र त्यांचं वैशिष्ट्य, नाही कधी म्हणत नाहीत. नाही म्हणणाऱ्याशी भांडता तरी येतं.

मूर्ती यायच्या होत्या शनिवारी. गुरुवारी मी हजर झालो आणि आम्ही सगळी लाकडं अंगणात काढली. मला वाटलं, तासाभराचं काम आहे, चांगलं बाजूला, बाकीचं जाळायला. दाजींनी एक तुकडा हातात घेतला. "हा वडखळच्या मास्तरांचा. देव्हाऱ्याच्या वरचा." तो बाजूला ठेवला. दुसरा घेतला. "हा धरमतरला जेटीवरच्या हापिसाचा. खारं वारं खाल्लेला. याला वाळवी कधी लागायची नाय." तो पण ठेवला. एखाद्या लग्नात आजोबा पाहुण्यांची ओळख करून देतात तसं चाललं होतं, आणि ऊन माझ्या डोक्यावर.

संध्याकाळी अंगणात तीन ढीग झाले होते. एक ठेवायचा, दुसरा नक्की ठेवायचा आणि तिसरा 'बघू'. 'बघू'मध्ये एक मोडकी रीप होती आणि वाळवीने खाल्लेलं एक ठोकळं. जाता जाता त्यांनी ते ठोकळंही उचललं. "वरून खाल्लाय. आत बरा असंल."

ताई दारात उभी होती. तिने फोन उचलला आणि रोह्याला इलियासभाईंना लावला. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात इलियासभाईंची बेकरी आहे, पाव अजून लाकडाच्या भट्टीवर भाजतात. त्यांच्या घराचं छप्पर आणि माळा दाजींनीच केलेला. ताई म्हणाली, "इलियासभाय, उद्या गाडीभर लाकूड पाठवते. भट्टीला घ्या. आमच्या ह्यांचा काय ऐकू नका."

शेवटचं वाक्य तिने मला सांगायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी टेम्पो काठोकाठ भरून आम्ही निघालो. उरलं ते दुसऱ्या खेपेला. दाजी पुढे बसले होते आणि दर गचक्याला मागे वळून बघत होते. हायवेवर गचके किती बसतात ते मी सांगत नाही. नागोठण्याच्या पुढे त्यांनी मला हळू चालवायला सांगितलं.

"का? सामान जाळायलाच चाललंय ना?" मी म्हणालो.

"जळेपर्यंत लाकूडच हाय तो," ते म्हणाले. भिसे खिंड संपेपर्यंत मी त्यांच्याशी बोललो नाही.

अष्टमीत इलियासभाई बेकरीच्या मागच्या दारात उभेच होते. दोन माणसं लाकूड उतरवायला तयार ठेवलेली. मी मनात म्हटलं, सुटलो. तेवढ्यात दाजी खाली उतरले आणि पहिलीच फळी हातात घेऊन म्हणाले, "इलियासभाय, ही वळखलीत का? तुमच्याच माळ्याची. रहिमाभाभीनी चार बोटं कमी करायला लावलीन, त्यातली ही."

इलियासभाईंनी फळी हातात घेतली, उलटी केली. "व्हय की," ते म्हणाले. "आता माझ्याच घराची फळी माझ्याच भट्टीत कशी घालू, हिरामणभाय?"

"ती राहू दे बाजूला," मी मधे पडलो. "बाकीची घाला."

"बाकीची पण कुणाच्या ना कुणाच्या घराचीच ना," दाजी म्हणाले. आणि सुरू झाले. हा तुकडा कोलाडच्या डॉक्टरांच्या खिडकीचा, हा बाळंतिणीच्या खोलीच्या दाराचा, हा नमाजाच्या खोलीतल्या कपाटाचा, उरलेला. लाकूड कुठल्या घराचं हे ज्याला माहीत, त्याने ते सांगायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. उतरवायला आलेली दोन माणसं हातात लाकडं घेऊन तशीच उभी. इलियासभाई भला माणूस. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "नाय बाबा. माझी भट्टी आंब्याच्या ढलप्यांवर चालते. हे सगळं ऐकल्यावर त्याचा पाव मला भाजता यायचा नाय."

तोवर इलियासभाईंच्या घरच्या, रहिमाभाभी, सरबत घेऊन आल्या. सगळं ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांच्या पुढच्या दाराला नुकतीच नवी ग्रॅनाइटची चौकट बसवली होती, दीर कुवेतहून आला तेव्हा. जुनी सागवानी चौकट मागच्या अंगणात पडून होती. सासूबाई ती जाळू देत नव्हत्या, विकूही देत नव्हत्या. "तुम्ही न्या, हिरामणभाय," भाभी म्हणाल्या. "तुमच्याकडं राहील तर अम्मीला पण बरं वाटंल."

मी दाजींकडे बघितलं. डोळ्यांनी, मानेने, हाताने, सगळ्याने नाही सांगितलं.

"परवीण," ते म्हणाले, "गाडीत जागा हाय ना?"

असा मी रोह्याहून परत आलो. गेलो त्यापेक्षा जास्त लाकूड घेऊन, त्यावर आडवी बांधलेली चौकट, तिची दोन दारं, आणि दाजींच्या मांडीवर पावाची पिशवी. वाटेत त्यांनी मला ताजा पाव खा म्हटलं. मी खाल्ला नाही. नंतर खाल्ला, भूक लागली होती.

मधल्या वेळात ताईने उरलेला ढीग कडेला सारून पडवी फिनेल टाकून पुसली होती. जमिनीवर खडूने रेघा मारल्या होत्या, मूर्तींच्या रांगांच्या. दाराला आंब्याचा डहाळा लावला होता. टेम्पो थांबला आणि तिने मागे बघितलं.

"मालू, चौकट बघ," दाजी उतरता उतरता म्हणाले. "सबंध साग. इतकी वर्षं झाली, कुठं वाकलेली नाय."

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुमच्याकडं कुणाच्या पण घरात उरलेला आला तर त्याला जागा हाय. मी पण आमच्या घरात उरलेलीच होते. मला पण एक भिंत द्या, टेकून उभी राहते."

मी टेम्पोची मागची फळी उघडत होतो, ती तशीच धरून राहिलो. माझ्या बहिणीने ते शब्द इतकी वर्षं पोटात ठेवले होते हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं. दाजी चौकटीच्या दोरीची गाठ सोडत होते. त्यांचे हात थांबले. ताई आत गेली आणि मी टेम्पो तिथेच सोडून चालत घरी आलो.

सकाळी गेलो तर पडवी मोकळी. एक काडी नाही. टेम्पोही मोकळा. अंगणही. मला खरंच भरून आलं. शेवटी माणूस आहे, ऐकलं, असं वाटलं. मी शेठकडून मूर्ती आणल्या, पांढऱ्याशुभ्र, डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबण्या. ताई आणि मी त्या खडूच्या रेघांवर मांडल्या. मग पाणी प्यायला मी आत जायला निघालो आणि मधल्या खोलीचं दार उघडेना.

ते उघडणार नव्हतंच. मागच्या दाराने फिरून बघितलं, मधली खोली आढ्यापर्यंत भरली होती. इलियासभाईंची चौकट दाराला आतून टेकवलेली, तिच्यामागे वडखळ, धरमतर, कोलाड, सगळे हजर. ताईची गादी स्वयंपाकघरात नीट घालून ठेवलेली, तिच्या उशाला पंखा लावलेला. आणि दाजींची खाट मागच्या दारी, धुण्याच्या दगडाशेजारी, उघड्यावर. त्यावर ते बसून चहा पीत होते.

"हे काय?" मी विचारलं.

"तिनी जागा मागितलीन," दाजी म्हणाले. "दिली."

मी डोक्याला हात लावला. बाईने हक्काची जागा मागितली तर या माणसाने स्वतःची झोपायची जागा सोडली, पण लाकडाचं एक ढलपं सोडलं नाही. याला त्याग म्हणायचं की हट्ट, मला अजून ठरवता आलेलं नाही. ताई स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने खाटेकडे बघितलं, खोलीकडे बघितलं.

"परवीण, तूच सांग," ती म्हणाली, "या माणसाला ठेवू का टाकू?"

"टाक," मी म्हणालो. "गाडी घेऊनच आलोय."

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. एवढंच.

आठवडाभर दाजी उघड्यावर झोपले. रामवाडीचे डास खाडीवर वाढलेले असतात, त्यांना ओडोमॉस म्हणजे चटणी. दाजींच्या पायांवर गांधी उठल्या. तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर ताईला बोलता आलं असतं. शेवटी एका संध्याकाळी तिने मूर्तींच्या दोन रांगा पुढे सरकवल्या, एकमेकींना चिकटतील इतक्या, आणि भिंतीकडे झालेल्या जागेत त्यांची खाट ओढून घेतली. मी तिथेच होतो.

दाजी बिचकले. "देवांकडं पाय करून झोपू मी?"

"डोळे नाय आखलेत अजून," ताई म्हणाली. "त्यांना काय दिसतंय? पण आखायला घेतले की खाट इथं नाय चालायची. तोवर मधली खोली मोकळी करा."

मग ज्येष्ठ गेला. ताईने अंगाचा रंग दिला, पितांबरं, शेले, सोंडेवरची नक्षी. रामवाडीतल्या बायका काम बघायला येऊन बसायच्या आणि शेठ गिऱ्हाइकांना आणून दाखवायचा, "ह्या मालूताई." हे ऐकायला मी मुद्दाम थांबायचो. दाजी रोज मधल्या खोलीचं स्वयंपाकघराकडचं दार उघडून उभे राहायचे, हात लावायचे, परत बंद करायचे. विचारलं की म्हणायचे, "चाललंय." काय चाललंय ते देवाला ठाऊक, आणि देवाला तर अजून डोळे नव्हते.

आषाढात डोळे आखायला सुरुवात झाली. दाराकडच्या रांगेपासून. एक एक मूर्ती बघायला लागली. पण खाटेजवळच्या दोन रांगा ताई घेईनाच. आज हात जड आहे, आज उजेड नाही, आज काळा रंग घट्ट झालाय. बाकीच्या मूर्ती मी एका सकाळी शेठकडे पोचवून आलो तेव्हा शेठने स्पष्ट सांगितलं. उरलेल्या आज संध्याकाळपर्यंत, नाहीतर मी दुसरी बाई पाठवून आखून घेतो.

मी येऊन ताईवर चिडलो. "एक लाकडं साठवणारा आणि एक त्याला साठवणारी. तुमच्या दोघांत तुझा हंगाम जाईल."

"तुला काय कळतंय," ती म्हणाली. "गप बस, चहा पी."

पण तिने ब्रश धुतला, टोक ओठात धरून बारीक केलं आणि खाटेजवळच्या पहिल्या मूर्तीसमोर पाट घेऊन बसली. मागे न वळता म्हणाली, "अवो, ही रांग घेते आता."

दाजी खाटेवरच बसले होते. बाहेर पाऊस थांबून थांबून पडत होता. ते थोडा वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग उठले, वळकटी केली, खाट उभी करून बाहेर नेली. मागून आत जाऊन मधल्या खोलीचं दार उघडलं आणि लाकडं काढायला लागले. मी हात लावायला गेलो तर नको म्हणाले. एकट्याने सगळी माझ्या टेम्पोत भरली, टपाच्याही वर जातील इतकी रचून. फळ्या, वासे, रिपा, ते वाळवीचं ठोकळं. सर्वांत शेवटी चौकट. त्यांनी कुणाचीही ओळख करून दिली नाही. आत ताई एका डोळ्याची रेघ पुरी करून दुसऱ्याला लागली होती, आणि ते दारातून जात असले की तिचा हात तेवढ्यापुरता थांबत होता.

"कुठं नेऊ?" मी विचारलं.

"कुठं पण ने," दाजी म्हणाले. "मला सांगू नको."

त्यांचा चेहरा मला बघवला नाही. मी गाडी सुरू केली. वीटभट्टीवाल्याचा नंबर माझ्याकडे होता, तिकडेच न्यायचं ठरवलं होतं. हायवेला लागलो आणि पाऊस परत सुरू झाला. फोन वाजला. दाजी.

"परवीण, कुठं ते सांगू नको," ते म्हणाले. "पण तळाला फणसाची फळी हाय. ती भिजू देऊ नको."

खूप काही बोलायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी बरं म्हणालो, गाडी कडेला घेतली, सीटच्या मागची ताडपत्री काढून लाकडांवर घातली आणि चारी कोपरे बांधले.